पंडुमआधीची कैरी

आमच्या घराण्यात पहिली पदवी माझी. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे झालं त्यात त्या पदवीचाही हात आहे. मूल तालुक्यातल्या धानपट्ट्यात माझं गाव. आई-बाप दोघंही दुसऱ्याच्या बांधीत रोवण्याला जाणारे. मी बी.एस्सी., बी.एड. झाले आणि गडचिरोलीच्या आतल्या भागातल्या एका आश्रमशाळेवर विज्ञान शिकवायला लागले, तेव्हा बाप आठ दिवस पानठेल्यावरून घरी उशिरा येत होता. ज्याला त्याला पुन्हा पुन्हा सांगायचं होतं ना. मलाही अभिमान होता. तो आता उरला नाही असं मी म्हणणार नाही, खोटं कशाला लिहू. पण त्याची आठवण झाली की सोबत एक मुलगी आठवते, आणि मग तो अभिमान घशाखाली उतरत नाही.

आमच्या घरात देव नाहीत. आज्यानं दीक्षा घेतली तेव्हा देव्हाऱ्यातले टाक धोतराच्या फडक्यात बांधले आणि उमा नदीच्या डोहात सोडून आला. येताना त्यानं मागं वळूनही पाहिलं नाही म्हणतात. आम्हा भावंडांना पाढ्यांच्या आधी बावीस प्रतिज्ञा पाठ झाल्या. कुठल्या देवासमोर वाकायचं नाही, कुणाचा प्रसाद खायचा नाही, नवस नाही, अंगारा नाही. गावातले लोक हसायचे, "मोठे आले शहाणे" म्हणायचे. हसोत. ज्या देवांच्या लोकांनी आमच्या आजीला विहिरीवर चढू दिलं नाही, ते देव सोडल्याचं दुःख कसलं?

शाळा जंगलात होती. मोबाईलला रेंज पाहिजे असेल तर पाण्याच्या टाकीच्या शिडीवर तिसऱ्या पायरीवर उभं राहायचं. मुख्याध्यापकसुद्धा तिथंच चढून साहेबांशी "हो सर, हो सर" करायचे. मुलं सगळी आजूबाजूच्या माडिया आदिवासी गावांतली. घरी माडिया बोली, शाळेत मराठी, आणि भांडण निघालं की दोन्ही.

ती मुलगी आठवीत होती. तिचं नाव लिहीत नाही. तिच्या मनाविरुद्ध एक गोष्ट केली तेवढी पुरे. पाणी शंभर अंशांवर उकळतं, असं मी वर्गात सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिनं प्रयोगशाळेतला थर्मामीटर उचलला (प्रयोगशाळा म्हणजे एक लोखंडी कपाट), स्वयंपाकघरात गेली आणि आधणाच्या गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, तो धरून बसली. मग माझ्याकडं आली.

"मॅडम, नव्व्याण्णवच दाखवते. पुस्तक चुकलं का आपलं पाणी चुकलं?"

तिच्या मागोमाग स्वयंपाकीणबाई हातात पळी घेऊन. "मॅडम, तुमच्या या पोट्टीनं काचेची कांडी फोडली असती गंजात! साऱ्या शाळेचा भात मले फेकून द्याव लागला असता. आन् मंग मुख्याध्यापक कोनाले बोलले असते? मलेच ना?"

मी मुलीला रागावले नाही. दोन दिवस मनातल्या मनात हसत होते. तिच्या गावातून तोवर एकही मुलगी दहावी झालेली नव्हती. ही होणार, असं मी ठरवून टाकलं. दहावीच नाही, पुढं सायन्सला जाणार. तिच्या बापाला तसं सांगितलं, तिला सांगितलं, आणि रोज संध्याकाळी तिला वेगळं बसवून गणित घ्यायला लागले. ती माझ्यासारखी व्हावी असं मला वाटे. त्यात काही वावगं असेल हे तेव्हा डोक्यातही आलं नाही.

मार्चमध्ये वादळ आलं आणि शाळेच्या आवारातल्या आंब्याच्या कैऱ्या झडल्या. टोपलंभर भरल्या. मी म्हटलं, "बाई, वरणात टाका, चटणी करा. पोरींच्या तोंडाला चव येईल."

"नाई खाणार त्या," बाई म्हणाल्या. या बाई आरमोरीकडच्या, वीस वर्षांपासून या चुलीशी, माडिया आमच्या सगळ्यांपेक्षा चांगली बोलणाऱ्या. "त्यायचा मरका पंडुम व्हाचा हाय अजून."

मरका म्हणजे आंबा. पंडुम म्हणजे सण. शेतातून, रानातून जे काही नवीन येतं, धान असो, शेंग असो की कैरी, ते आधी गावाच्या देवाला द्यायचं. गायता, म्हणजे गावाचा पुजारी, ते देतो आणि मग सारा गाव एकत्र खातो. त्याच्या आधी कुणी तोंडाला लावलं तर देव कोपतो, आणि कोप खाणाऱ्यावरच पडेल असं नाही, गावात कुणावरही पडतो.

मी तरी टाकायला लावल्या. त्या दिवशी चाळीसेक मुलींनी नुसता भात मिठासोबत खाल्ला. वरणाला हात लावला नाही. मी तिथंच उभी होते. दर तपासणीत या पोरींचं रक्त कमी निघायचं, मी स्वतः त्यांना लाल गोळ्या गिळायला लावायची, आणि इथं वरणाच्या भरल्या बादल्या परत चालल्या होत्या. माझं डोकं फिरलं.

"तीन-चार हप्त्याची तं गोष्ट हाय," बाई म्हणाल्या. "पंडुम झाला की झाडासकट खातीन. तवरक मी साधं वरण लावतो ना. मी नागपंचमीले तवा ठेवत नाई चुलीवर, विळी हातात घेत नाई. मले म्हनलं का कोनी शिकलेल्यायनं काही?"

मला त्या तव्याचंही हसू यायचं. मी मुख्याध्यापकांकडं गेले. ते म्हणाले, "मॅडम, सण त्यांचा, पोट त्यांचं. आपण विज्ञान शिकवावं."

"सर, हेच विज्ञान आहे," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सगळ्या मुलींना अंगणात बसवलं. टेबल मांडलं. एक कैरी चिरली, तिखट-मीठ लावलं, आणि सगळ्यांसमोर अख्खी खाल्ली. दात आंबले, तरी खाल्ली. "बघा. मी खाल्ली. मला काय होईल, सांगा?"

मागून एक पोरगी म्हणाली, "तुमाले काही नाई होणार, मॅडम. तुमचं गाव तं मूल हाय."

सगळ्या खिदळल्या. मीही हसले. खरं तर तिनं माझ्या प्रश्नाचं नेमकं उत्तर दिलं होतं. पण मला तेव्हा उत्तर नको होतं, मला माझंच म्हणणं त्यांच्या तोंडून पाहिजे होतं.

मग मी तिला बोलावलं, थर्मामीटरवालीला. तिनं खाल्लं तर बाकीच्या खातील, एवढा हिशेब मला कळत होता. ती उठली, टेबलाजवळ आली, फोडीकडं बघत उभी राहिली.

"मॅडम, आमच्या गावचा पंडुम नाई झाला अजून."

"पाणी किती अंशांवर उकळलं होतं?" मी विचारलं.

"नव्व्याण्णव."

"पुस्तकात शंभर होतं, तरी तू तपासून पाहिलं ना? मग हेही तपासून पाहा. घे. खाल्ल्यानं कुणी मरत नाही."

तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं. मी तेव्हा तिला आवडत होते, हे मला माहीत होतं. तिनं फोड घेतली आणि चावलीच नाही, तशीच गिळली. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. मी समजले, तिखटानं. मग तिच्या मागं दुसऱ्या गावांच्या सात-आठ जणी आल्या. मी टाळ्या वाजवायला लावल्या. कुणीतरी फोटो काढला. मी टाकीच्या शिडीवर चढून तो शिक्षकांच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'अंधश्रद्धा निर्मूलन, प्रात्यक्षिक.' सतरा अंगठे आले. साहेबांचाही आला.

बारा दिवस काही झालं नाही. मी मुद्दाम मोजले होते.

तेराव्या दिवशी सकाळी तिच्या गावचा माणूस सायकलवर निरोप घेऊन आला. पहाटे मोहफुलं वेचायला गेलेल्या तिच्या आत्यावर अस्वलानं हल्ला केला होता. आई लहानपणीच गेलेली, या आत्यानंच तिला वाढवलं होतं. आत्या जिवंत होती. चेहरा फाटला होता, उजवा डोळा गेला होता. तालुक्याला नेलं होतं, तिथून पुढं गडचिरोलीला.

मोहाच्या दिवसांत अस्वलं येतातच. त्यांनाही मोह लागतो. दरवर्षी आमच्या भागात कुणी ना कुणी सापडतं. हे मला माहीत आहे, बाईंना माहीत आहे, त्या मुलीलाही माहीत होतं. निरोप ऐकून ती रडली नाही. पेटी भरली, सायकलच्या मागच्या कॅरिअरवर बसली. जाताना माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "येतो, मॅडम." बस, एवढंच.

एप्रिलच्या मध्यात तिचा बाप शाळेत आला. एवढासा माणूस, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. नदी ओलांडून चालत आला होता. माझ्यासाठी मधाची बाटली आणली होती. खुर्ची दिली तर खुर्चीवर बसला नाही, व्हरांड्याच्या पायरीवर बसला. मीही मग पायरीवर बसले.

"आत्या कशी आहे?"

"हाय. बोलते. टाके हायेत." मग टॉवेल सोडून पुन्हा गुंडाळत म्हणाला, "पोरगी जेवत नाई, मॅडम. म्हनते, आत्याचा डोरा मीनंच काढला."

मी त्याला अस्वलाचं, मोहाचं सगळं सांगितलं. तो मान हलवत ऐकत होता. जंगलातल्या माणसाला मी अस्वल शिकवत होते.

"हो जी," तो म्हणाला. "अस्वल तं मोहासाठीच येते. म्या तिले तेच सांगतलं. ऐकत नाई. मंग गायत्याले इचारलं. गायता म्हनते, सोपं हाय. पंडुमच्या दिवशी ज्यानं खाल्लं आन् ज्यानं देल्लं, दोघायनं मरका हातात धरून देवापाशी उभं राहाचं. मंग पोरीच्या मनातून निघून जाते. पोरगी शाळेत येते."

"गावाचा माझ्यावर राग आहे?"

"राग कायचा जी? तुमी शिकवते तिले."

"हात जोडावे लागतील?"

त्यानं दोन्ही हातांची ओंजळ पुढं करून पाहिली. "दोनी हातात मरका धरल्यावर हात कसे जोडणार, मॅडम? मरका पडन ना."

आज हे आठवलं की हसू येतं आणि तिथंच विरतं. त्या माणसानं माझ्यासाठी वाट काढून ठेवली होती. हातसुद्धा जोडायचे नव्हते. नुसतं उभं राहायचं होतं. आणि मी म्हटलं, "नाही येता येणार. देवासमोर उभं राहणं आमच्यात चालत नाही."

मला वाटलं, तो का म्हणून विचारेल. मग मी सांगेन. आज्याचं सांगेन, नदीचं सांगेन. त्यानं विचारलंच नाही. लगेच मान डोलावली.

"तुमच्यात चालत नाई का. बरं, बरं." जसं काही यात विचारण्यासारखं काहीच नव्हतं. चालत नाही म्हणजे चालत नाही, एवढं त्याला पुरे होतं. "गायत्याले इचारून पाहतो, दुसरं काही जमते का."

मधाची बाटली ठेवून तो गेला.

बाई पळी पुसत दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "जाऊन आल्या असत्या तं पायाचे तुकडे पडले असते का, मॅडम?"

"बाई, हा तत्त्वाचा प्रश्न आहे."

"असन," त्या म्हणाल्या. "मले तत्त्व नाई कळत. मले पोट्टी कळते."

सुट्टीत गावी गेले तेव्हा आईला हे सांगितलं. आत कुठंतरी वाटत होतं की ती रागावेल, म्हणेल, जायचं होतं ना व, लेकराचा प्रश्न होता. आईनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. "बरं केलं. एवढं शिकून वाकली असती तं आज्याले काय वाटलं असतं?" संध्याकाळपर्यंत सगळ्या मोहल्ल्याला माहीत झालं होतं की हिची पोरगी जंगलातही वाकली नाही. बाप पुन्हा पानठेल्यावरून उशिरा आला. त्या सुट्टीत मी एवढी वाहवा ऐकली की मला माझ्याच घरात बसवेना.

जूनमध्ये शाळा उघडली. ती आली नाही. पहिला आठवडा वाट पाहिली, म्हटलं तेंदूपानं तोडून थकली असेल. दुसऱ्या आठवड्यात नाल्यांना पाणी यायच्या आधी मी आणि स्वयंपाकीणबाई तिच्या गावी गेलो. नदीपर्यंत बस, पुढं पायी.

आत्या अंगणात मोहाच्या बिया फोडत बसली होती. चेहऱ्याची एक बाजू ओढल्यासारखी शिवलेली. आम्हाला पाहून अर्ध्या तोंडानं हसली, बाईंशी माडियात बोलली. बाईंनी मला सांगितलं, "म्हनते, अस्वलीन होती. पिल्लू होतं संग. म्हनते, तिचं तरी का चुकलं, तिले लेकरू होतं."

मुलगी घरामागून आली. बारीक झाली होती. माझ्या पाया पडायला वाकली, मी धरली. आम्ही दोघी परसातल्या सांदवाडीच्या कुंपणाशी बसलो.

"शाळेत का येत नाहीस?"

"नाई जमत, मॅडम."

"कैरीमुळं? अगं, अस्वल मोहासाठी येतं. तुला माहीत आहे ना?"

"माहीत हाय."

"मग?"

"मोह तं दर साली रायते. अस्वलपन दर साली येते. मंग या सालीच काऊन आलं? आत्यापाशीच काऊन आलं?"

  "योगायोग," मी म्हटलं.  तिनं तो शब्द ऐकला आणि माझ्याकडं बघत राहिली. पुस्तकात शंभर लिहिलंय आणि कांडी नव्व्याण्णव दाखवते म्हटल्यावर जशी पाहायची तशी.

"गावातले काही बोलतात का तुला?"

"कोनी नाई बोलत. सारे म्हनते, जाऊ दे. गायत्यानं तं मले गुळ देल्ला." मग खाली बघून ती म्हणाली, "तुमचं काही नाई चुकलं, मॅडम. तुमाले माहीत नव्हतं. मले माहीत होतं. मले माहीत असून मी खाल्लं."

हे तिनं मला धीर द्यायला म्हटलं. चौदा वर्षांची पोर.

मी गायत्याकडं गेले. तो घरापुढच्या सपरीत, ओसरीवर, सायकलचा टायर काढून पंक्चर लावत होता. मी उभ्या उभ्या म्हटलं, "मी येते. आता करा. मी मरका धरून उभी राहते."

त्यानं टायर बाजूला ठेवला. "आता मरका कुठी, मॅडम? पिकला, सरला. सारा गाव खाऊन बसला. नव्याचं काम नव्यावरच होते." माझा चेहरा पाहून त्याला माझी दया आली असावी. "पुढच्या साली करू. मरका दर साली येते."

परत येताना नदीत गुडघाभर पाणी होतं. चपला हातात घेऊन आम्ही ओलांडत होतो, आणि मधोमध मला एकदम पाचवीतला एक दिवस आठवला. गावच्या शाळेत सत्यनारायण होता. गुरुजी प्रसाद वाटत होते. मी हात पुढं केला नाही. गुरुजींनी साऱ्या वर्गासमोर माझं मनगट धरलं, शिरा तळहातावर ठेवला आणि म्हणाले, "खा. खाल्ल्यानं मरत नाहीस तू." मी खाल्ला. घरी जाऊन नालीवर घशात बोटं घालून ओकले. आईला सांगितलं नाही. वर्षभर मला वाटत होतं की आज्याला कळलंय.

हे मी कैरी चिरताना का आठवलं नाही? पाण्यात मी थांबले तर बाई पुढून ओरडल्या, "चला मॅडम, पाय सरकते तिथी."

पावसाळ्यात शाळाबाह्य मुलांचा तक्ता भरायचा असतो. नाव, इयत्ता, कारण. कारणाचे रकाने छापलेले असतात: विवाह, स्थलांतर, आजार, घरकाम, इतर. मी 'घरकाम'वर खूण केली. वरून कुणी काही विचारलं नाही.

पुढचं वर्ष मी कसं काढलं ते मला सांगता येणार नाही. शिकवत होते, अंगठ्यांच्या ग्रुपवर माहिती टाकत होते. मार्चमध्ये बाईंनी मला न विचारताच कैऱ्या वरणाबाहेर ठेवल्या, आणि मी साधं वरण जेवले. कॅलेंडरवर मी मार्चपासून खुणा करत होते. पंडुमचा दिवस गायता ठरवतो, तो कॅलेंडरवर नसतो; बाजारातून बाईंनी निरोप आणला. मी रजा टाकली. कारण लिहिलं, घरगुती.

रात्रभर मनात एक भांडण चाललं होतं, पण ते लिहीत नाही. एवढंच सांगते की मी निघाले तेव्हा मला आज्यापुढं लाज वाटत होती आणि गेल्या वर्षी न गेल्याचीही लाज वाटत होती. दोन्हीतली कोणती मोठी ते ठरलं नव्हतं. बाई सोबत होत्या.

गावाबाहेर मोठ्या झाडाखाली माणसं जमली होती. ढोल होता. तिचा बाप पुढं आला. त्याच्या चेहऱ्यावरूनच मला कळलं.

"पोरगी कुठं आहे?"

"तेलंगणात गेली जी, मिरची तोडाले. आपल्या गावच्या बायायसोबत. माघात गेली." तो टॉवेलनं मान पुसत होता. "पंडुमले ये म्हनून फोन केला होता. साऱ्या बाया आल्या काल गाडीनं. ते नाई आली. म्हनते, मी इकडंच राहतो. इकडं कोनाले माहीत नाई."

इकडं कोनाले माहीत नाई. एवढ्यासाठी ती पोर एवढ्या लांब मिरचीच्या ठसक्यात राहायला तयार होती. ज्या गावानं तिला एका शब्दानं दोष दिला नाही, त्या गावाचं तोंड तिला बघवत नव्हतं. माझंही नसेल.

गायत्यानं मला बोलावलं. माझ्या ओंजळीत एक कैरी दिली. दुसरी पळसाच्या पानावर, माझ्या शेजारी, जमिनीवर ठेवली. तिथं ती उभी राहणार होती. तो काय म्हणत होता ते मला कळलं नाही. मी उभी होते. हात जोडले नाहीत, जोडता येतच नव्हते. तिचा बाप म्हणाला होता ते खरं होतं. समोर झाड होतं, दगड होते, शेंदूरसुद्धा नव्हता. मला काही वाटेल असं वाटलं होतं. काही वाटलं नाही. शेजारची जागा तेवढी कळत होती.

मग ढोल वाजला आणि सगळ्यांनी खायला सुरुवात केली. पोरं कैऱ्यांवर तुटून पडली. आत्या एका बाजूनं चावत होती, रस हनुवटीवरून गळत होता, आणि बायका तिला चिडवत होत्या. बाईंनीही एक फोड तोंडात टाकली.

"खा ना, मॅडम," बाई म्हणाल्या. "आता तं चालते."

माझ्या हातात कैरी तशीच होती. मी तोंडापर्यंत नेली. देवाला दाखवलेली होती. प्रसाद होता तो. आणि मला तळहातावर पाचवीतला तो शिरा दिसला.  खरंच सांगते, मी खूप प्रयत्न केला.

"मी... आमच्यात प्रसाद खात नाहीत," मी गायत्याला म्हटलं. म्हणताना मला मरून जावंसं वाटलं.

गायत्यानं माझ्याकडं पाहिलं. हसला नाही, रागावला नाही. हात पुढं करून माझ्या ओंजळीतली कैरी उचलली आणि तिच्या कैरीशेजारी पानावर ठेवली.

"नाई खात का? तं नोका खाऊ," तो म्हणाला. "खाल्लंच पाहिजे असं काही नाई, मॅडम."

आम्ही निघालो तेव्हा त्या दोन कैऱ्या पानावरच होत्या. त्यांना मुंग्या लागायला सुरुवात झाली होती.